आश्रयगृहाची नियमावली नव्याने लिहायला घेतली आहे : कुठला नियम ठेवायचा, कुठला खोडायचा?

रानजाई

आमच्या संस्थेचं एक आश्रयगृह आहे. घरातली मारहाण, धमक्या, कोंडून ठेवणं यातून बाहेर पडलेल्या बायका आणि त्यांची मुलं तिथे राहतात. मी समुपदेशक म्हणून लागले, आता कारभार बघते. जुनी नियमावली सुधारायला घेतली तर ४७ कलमं निघाली. दर वेळी काहीतरी घडलं की कोणीतरी एक कलम वाढवलं आणि नंतर ते काढायचं कोणाला सुचलं नाही, असं त्याचं रूप आहे.

हे काम डोक्यात घेण्याचं कारण एक रात्र. दीडच्या सुमाराला एक बाई आली, कडेवर झोपलेलं बाळ. आमच्या पद्धतीप्रमाणे मी तिच्यासमोर नियम वाचायला बसले. ती मान हलवत होती, ऐकत काहीच नव्हती. फोनच्या कलमापर्यंत मी पोचायच्या आधीच तिने फोन काढून माझ्यापुढे धरला, दोन्ही हातांनी. घरी रोज संध्याकाळी तो असाच द्यावा लागायचा, हे तिने तीन दिवसांनी सांगितलं. मी तो घेतला होता. त्या वेळी आमचा नियमच होता तसा.

तेव्हापासून प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारते आहे : यामुळे नेमकं कोण सुरक्षित होतं? काही कलमं त्यात टिकतात. आश्रयगृहाचा पत्ता कोणाला न सांगणं, दार कोण उघडणार हे ठरलेलं असणं, आगीच्या वेळी कुठून बाहेर पडायचं हे पहिल्याच दिवशी दाखवणं. काही कलमं सुरक्षेची नाहीत, पण अनोळखी माणसं एका स्वयंपाकघरात वावरतात म्हणून लागतात. उरलेली मात्र आमच्या सोयीची आहेत. साडेआठला खोलीत असणं, कोणाशी बोलली याची नोंद, आठवड्याला एका समुपदेशनाची सक्ती, न विचारता खोली तपासणं. यातलं एकही कलम असं नाही, जे त्या बाईने आधीच्या घरात सोसलेलं नाही.

तुमच्यापैकी जे या कामात आहेत, किंवा अशा ठिकाणी राहिलेले आहेत, त्यांनी सांगावं. वकील, डॉक्टर, परिचारिका असतील त्यांनीही.

तिसरीपाळी

रात्रपाळी करते, सात वर्षं झाली. रानजाईताई, फोन काढून घेऊ नका हे मान्य. पण "फोन ठेवा" एवढंच लिहून सोडू नका, ते त्याहून धोक्याचं आहे.

आमच्याकडे एकीचा नवरा पाचव्या दिवशी फाटकापाशी उभा होता. तिने कोणालाही पत्ता सांगितला नव्हता. मुलाच्या फोनवर घरातलं सामायिक खातं चालू होतं आणि त्यातून ठिकाण दिसत होतं. तेव्हापासून आम्ही दाखल होतानाच बाईबरोबर बसून बघतो : ठिकाण दाखवणारी सेटिंग्ज, सामायिक खाती, मुलांचे फोन आणि टॅब, बॅगच्या अस्तरात किंवा खेळण्यात टाकलेलं एखादं बारकं यंत्र. तिच्याबरोबर बसून, तिच्या हातात फोन ठेवून. आपण फक्त कुठे बघायचं ते दाखवायचं.

आणि घाईने सगळं पुसून टाकायचं नाही. धमक्यांचे मेसेज हा पुरावा असतो. शिवाय पाळत एकदम बंद झाली की तिकडच्या माणसाला कळतं, आणि तो काय करेल हे तीच चांगलं ओळखून असते. म्हणून आधी तिला विचारायचं. पुष्कळदा फोन बंद करून आश्रयगृहापासून लांब ठेवणं आणि तिला दुसरा साधा फोन देणं हे बरं पडतं, पण निर्णय तिचा.

दुसरं, रात्री एकटीला ड्यूटी लावू नका. दारावर कोणी आलं, आत एखादीला घाबरून श्वास लागेना आणि तेवढ्यात हेल्पलाइनचा फोन वाजला, हे तिन्ही माझ्यावर एकाच रात्री आलं आहे. जाग्या असलेल्या दोघी, हा किमान नियम हवा. पैसे नाहीत म्हणाल तर मला पटेल, पण मग ती उणीव आहे असं कागदावर स्पष्ट लिहा. चौकटीत सगळं ठीक दाखवू नका.

अबोली२२

मी राहिलेली आहे. दोन ठिकाणी. कुठे ते लिहीत नाही.

पहिल्या ठिकाणी गुणांची वही होती. भांडी वेळेवर घासली की गुण, उशीर झाला की वजा. गुण कमी झाले की मुक्काम वाढवून मिळणार नाही असं सांगायचे. मी तेव्हा पाच-पाच वेळा ओटा पुसायचे, पुसलेलाच. बाकीच्यांना वाटायचं काय टापटिपीची आहे. मला नुसती भीती वाटत होती. घरीही ओट्यावरच्या डागावरूनच सुरू व्हायचं.

दुसरी गोष्ट तुमच्या ४७ कलमांत आहे का ते बघा. मोठा मुलगा. माझा १४ वर्षांचा होता. "बारावरचे मुलगे चालत नाहीत," म्हणाले. त्याला कुठे ठेवू? बापाकडे? मी त्याच रात्री परत गेले. आणखी आठ महिने गेले त्यात. दुसऱ्या ठिकाणी आम्हाला तिघांना बाथरूम जोडलेली वेगळी खोली दिली आणि काही अडलं नाही. मुलगा अंगाने मोठा दिसतो म्हणून तो बापासारखा होत नाही. त्याने माझ्या आधी मार खाल्लेला होता, मध्ये पडून.

रानजाई

अबोली, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हो, आहे ते कलम. १९ वं. आमच्याकडे वयाची अट १० आहे. मी स्वतः या अटीवरून माघारी पाठवलेल्या बायका आठवते आहे आणि त्यांचं पुढे काय झालं याची आमच्याकडे नोंद नाही. नाकारलं की नोंद करायची पद्धतच नव्हती. नवीन नियमावलीत ती हवी : किती जणींना नाही म्हटलं, कशामुळे, आणि दुसरीकडे कुठे पाठवलं.

शिस्त_आणि_घर

मी वीसहून जास्त वर्षं हे काम केलं. वरचं सगळं वाचून मनाला लागलं, तरी दुसरी बाजू मांडतो. नियम नसलेलं घर मी पाहिलं आहे. रात्री दोनला मोठ्या आवाजात भांडणं, एकीचे पैसे दुसरीने घेतले, एक जण पिऊन आली आणि मुलांसमोर पडली. ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा शांत झोप हवी होती ती आठवड्यात निघून गेली. तिचाही विचार करा. नियम सगळे दुष्टपणाने लिहिलेले नसतात. तेवढी एक रात्र निभावून न्यायची असते, त्यातून ते लिहिले जातात.

रानजाई

दादा, तुम्ही म्हणता ती रात्र मीही काढली आहे. पण एकीने केलेल्या गोष्टीसाठी पुढच्या पन्नास जणींवर कायमचं कलम, हे आम्ही फार केलं. आता असं लिहिते आहे की वागण्यावर बोलायचं आणि ज्या माणसाचं आहे त्याच्याशी. पिण्याचंच घ्या. दाखल करताना तोंडाचा वास घ्यायचा नाही, चाचणी करायची नाही, व्यसन आहे म्हणून दार बंद करायचं नाही. घरात आणायचं नाही आणि दुसऱ्याला त्रास होईल असं वागायचं नाही, हे मात्र स्पष्ट. त्रास झाला तर त्याच रात्री बाहेर काढायचं का? नाही. बाहेर तिला मारणारा उभा आहे. वेगळी खोली, दुसऱ्या दिवशी बोलणं, आणि अगदीच जमलं नाही तर दुसरं सुरक्षित ठिकाण ठरल्यावरच निरोप. मारहाण किंवा थेट धोका असेल तर गोष्ट वेगळी.

पैसे चोरीला जातात यावर तर सोपा उपाय होता आणि आम्ही तो वर्षानुवर्षं केला नाही : प्रत्येकीला कुलपाचं कपाट, किल्ली तिच्याकडे.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या आश्रयगृहांनी एकत्र येऊन नियम कमी करत नेले होते. तिथेही आधी हीच धास्ती होती की घर कोलमडेल. आणि तिथल्या केंद्र सरकारच्या कौटुंबिक हिंसा निधीतून चालणाऱ्या आश्रयगृहांना समुपदेशन किंवा वर्ग सक्तीचे करताच येत नाहीत, राहण्याची जागा त्या अटीवर देता येत नाही.

पांढरीटोपी

परिचारिका आहे. आश्रयगृहात आठवड्यातून दोनदा जाते. दाखल करण्याच्या कागदात एक प्रश्न वेगळा, ठळक हवा : "कधी गळा दाबला होता का?" "मारलं का" यात तो येत नाही. बायका गळा दाबणं मारहाणीत धरतच नाहीत, "नुसता धरला होता" म्हणतात.

बाहेरून वळ असेलच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके, डोकं हलकं होणं, त्या वेळी नकळत लघवी होणं, मधले काही क्षण आठवत नसणं, यातलं काहीही असेल तर त्याच रात्री दवाखाना. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा होऊन काही दिवसांनी पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. "आता बरी आहे" यावर जाऊ नका.

दुसरं कारण पुढचं आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२००८) आधी गळा दाबला गेलेल्या बायकांमध्ये त्याच जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून जास्त आढळली. या विषयातल्या संशोधक जॅकलिन कॅम्पबेल या स्वतः परिचारिका. त्यांनी १९८०च्या दशकात धोका मोजायची जी प्रश्नावली तयार केली तिची सुरुवात मला फार शहाणपणाची वाटते. बाईपुढे गेल्या वर्षाचं कॅलेंडर ठेवायचं आणि जेव्हा जेव्हा मारलं त्या तारखांवर तिनेच खूण करायची. मी बघितलं आहे, आधी "कधीतरी व्हायचं" म्हणणारी बाई खुणा करत जाते, सणवार, मुलांचे वाढदिवस, पगाराचे दिवस आठवतात, आणि मग स्वतःच थांबून त्या कागदाकडे बघत राहते. तो कागद आपण भरून घेतला तर हे होत नाही. म्हणून पेन तिच्या हातात द्यायचं.

औषधं. ती ऑफिसच्या कपाटात ठेवून वेळेला मागायला लावणं बंद करा. घरात मुलं आहेत म्हणून कुलूप हवं, पण कुलूप तिच्या खोलीत.

कलमकार

वकील आहे. थोडक्यात लिहितो.

नोंदवही ही सगळ्यात धोक्याची वस्तू. मुलांच्या ताब्याचा खटला लागला की समोरचा वकील तीच मागतो. "आज चिडचिड केली, मुलाकडे लक्ष नव्हतं" असं तुमच्या कार्यकर्तीने सहज लिहिलेलं वाक्य कोर्टात मोठ्याने वाचलं जातं. लिहायचं तेवढंच जे सेवा देण्यासाठी लागतं. तारीख, काय मागितलं, काय दिलं. मतं नकोत, निदान तर नकोच. कागद किती काळ ठेवायचे आणि कसे नष्ट करायचे हेही आधी ठरवा. नोटीस आल्यावर नष्ट करणं हा गुन्हा होऊ शकतो.

संमतीपत्र कोरं घेऊ नका. "माझी माहिती संबंधितांना देण्यास हरकत नाही" असली एका ओळीची सही कुचकामी आहे. कोणाला, कोणती माहिती, कशासाठी, किती दिवसांपर्यंत, हे लिहिलेलं हवं आणि सही नाकारली तरी जागा मिळणार हेही.

आणि तक्रार. पोलिसांत गेलीस तरच ठेवू, ही अट कुठे असेल तर आजच काढा. बायकांवरच्या हिंसेविरुद्धच्या युरोपातल्या इस्तंबूल कराराने (२०११) कलम १८ मध्ये सरळ म्हटलं आहे की तक्रार करायची किंवा साक्ष द्यायची तयारी यावर मदत अवलंबून नसावी. करार तुमच्या देशाला लागू असो वा नसो, तत्त्व घ्यावं असं आहे.

दूरदेशी

पत्ता गुप्त ठेवण्याबद्दल वेगळा विचार मांडते. नेदरलँड्समध्ये २०११ साली अल्कमार शहरात एक आश्रयगृह उघड्या पत्त्यावर सुरू झालं. नावाचा अर्थ "केशरी घर". दारावर पाटी, लोकांना माहीत. लपून राहायचं काम तिने का करायचं, ही त्यामागची भूमिका. सुरक्षा भिंतींत, दारांत, कॅमेऱ्यांत आणि पोलिसांशी ठरलेल्या संपर्कात ठेवली. जास्त धोका असलेल्यांसाठी मात्र गुप्त जागा वेगळ्या. मला वाटतं लहान गावात, जिथे सगळ्यांना सगळं कळतंच, तिथे खोट्या गुप्ततेपेक्षा हे बरं. गुप्त पत्त्याची किंमत बाईच मोजते : नोकरी सुटते, आई भेटायला येऊ शकत नाही, मुलाचा मित्र येऊ शकत नाही.

तिसरीपाळी

पटतं, पण माणसं आणि पोलिसांची साथ नसेल तर उघडा पत्ता म्हणजे माझ्यासारखीने रात्री दारात उभं राहायचं. आधी ती व्यवस्था, मग पाटी.

शिस्त_आणि_घर

जागेचा विषय कोणी काढला नाही. सगळ्यांत मोठा प्रश्न तोच. १२ जणींची जागा आणि तेरावी दारात उभी.

१९७१ साली लंडनच्या चिझविक भागात एरिन पिझी यांनी असं घर सुरू केलं. आधुनिक काळातलं पहिलं आश्रयगृह म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. कोणालाही परत पाठवायचं नाही हा त्यांचा बाणा. पुढे ज्या मोठ्या घरात ते चालायचं तिथे नगरपालिकेने ३६ माणसांची मर्यादा घातली, तपासणीत ७५ माणसं सापडली. खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला. आम्ही सगळे मिळून एकच कुटुंब आहोत, म्हणून मर्यादा लागू नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९७७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, तो मानला नाही. मी तरुणपणी हे वाचलं तेव्हा न्यायाधीशांचा राग आला होता. पुढे स्वतः जिन्यात गाद्या टाकल्या, आणि एका रात्री शॉर्ट सर्किटने धूर झाला. कोणाला काही झालं नाही. पण अंधारात मुलं मोजताना ती जिन्यातली गर्दी मी विसरलो नाही. आता मला दोन्ही बाजू कळतात.

रानजाई

दादा, हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत!

जागेचं आम्ही असं ठरवतोय : झोपायच्या जागांची संख्या आगीच्या वाटांवरून ठरणार आणि ती ओलांडायची नाही. पण "जागा नाही" या वाक्यावर फोन ठेवायचा नाही. आज रात्री ती कुठे राहील हे ठरेपर्यंत फोन चालू, दुसरी आश्रयगृहं, ओळखीचं लॉज, वाहन, जे लागेल ते आमच्या कार्यकर्तीने शोधायचं, बाईने नाही. आंतरराष्ट्रीय मदत संस्था पाळतात त्या स्फिअर मानकांत आपत्तीतल्या निवाऱ्यासाठी माणशी ३.५ चौरस मीटर धरतात. तो तळ आहे, त्याच्याकडे बोट दाखवून आम्ही समाधान मानायचं नाही, कारण इथे लोक आठवडाभर नाही, महिनोन्‌महिने राहतात. आणि सरकारकडे बोलताना मी दुसरा आकडा वापरते. इस्तंबूल कराराच्या स्पष्टीकरणात दर १०,००० लोकसंख्येमागे एका कुटुंबाची जागा सुचवली आहे. आपापल्या भागाची लोकसंख्या त्याने भागून बघा आणि मग हातातल्या खाटा मोजा.

सायसाखर

मुलांबरोबर काम करते. नियमावलीत मुलं फक्त "सोबत असलेली अपत्ये" म्हणून येतात. प्रत्येक मुलाशी पहिल्या दोन दिवसांत कोणीतरी वेगळं बोललं पाहिजे, त्याच्या वयाच्या भाषेत : आपण इथे का आलो, हे तुझ्यामुळे झालेलं नाही, इथलं दार रात्री कोण बंद करतं. एका सहा वर्षांच्या मुलीने मला दार बंद करून दाखवायला सांगितलं होतं. मग उघडायला. मग पुन्हा बंद. अकरा वेळा. तेवढा वेळ देणारं माणूस ड्यूटीवर हवं.

या घरात कोणीही कोणाला मारायचं नाही, मुलांनासुद्धा, हा नियम ठेवाच. पण तो मोडणाऱ्या आईला धमकी देऊ नका. थकलेली असते ती. मुलाला तासभर कोणीतरी सांभाळणं हा तिथे खरा उपाय.

आणि दुभाषा म्हणून मुलाला बसवू नका. आईवर काय झालं हे त्याच्याच तोंडून वदवून घेणं फार वाईट. आईला ऐकू येत नसेल तर खुणांची भाषा जाणणारं माणूस बोलवा. आगीच्या भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवाही लावा, तोही त्यासाठीच.

अबोली२२

परत जाण्याबद्दल कोणी बोललं नाही. मी परत गेले तेव्हा रजिस्टरमध्ये माझ्यापुढे "समजावूनही न ऐकता गेली" असं लिहिलं होतं. दुसऱ्यांदा फोन करायला म्हणून मला लाज वाटत होती. परत गेलेलीला पुन्हा यायला अट नको, आणि जाताना कोणीतरी नीट निरोप द्यावा. कपडे कुठे ठेवू, कुठला शब्द बोलले की समजायचं की मी संकटात आहे, नंतर फोन करायचा तर कुठल्या वेळी, आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं. दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी मला हे सगळं विचारलं होतं. आणखी एक. खोलीला आतून कडी आहे का तुमच्याकडे?

रानजाई

नाही. "आत्महत्येचा धोका" म्हणून काढल्या होत्या. काल आमच्या आगविम्याच्या माणसाशी आणि कारागिराशी बोलले. आतून कडी लागते, आणि गरज पडली तर बाहेरून खास किल्लीने उघडते, असं कुलूप मिळतं. किल्ली ड्यूटीवरच्या दोघींकडेच, आणि वापरली की का वापरली ते लिहायचं, त्या बाईला सांगायचं. एरवी दार वाजवायचं आणि "ये" म्हटल्याशिवाय आत जायचं नाही.

आत्ता २१ कलमं उरली आहेत. कच्चा मसुदा आमच्याकडे सध्या राहणाऱ्या तिघींना वाचायला दिला. एकीने तीन ठिकाणी खाडाखोड केली. "रात्री बाहेर राहायचे असल्यास परवानगी घ्यावी" यातलं "परवानगी घ्यावी" खोडून तिने "कळवावे, म्हणजे काळजी लागणार नाही" असं लिहिलं. दुसरीने दाखल होण्याच्या पानावर वर लिहिलं की नियम पहिल्या रात्री वाचू नका. झोपू द्या. आग लागली तर कुठून पळायचं आणि पाणी कुठे आहे तेवढं सांगा.

तिसरीपाळी

फोन तपासण्याचं पान तयार झालं की इथे टाका. आमच्याकडे मी तोंडी सांगते, रजेवर गेले की कोणाला आठवत नाही.

रानजाई

रविवारपर्यंत टाकते. तोपर्यंत कोणाकडे मुलांच्या टॅबवरची सामायिक खाती तपासायची पायरीवार यादी असेल तर द्या. तिथेच अडले आहे.